तबकडी परत आली, पण सीडी हरली का?

आज टेबलावर आम्ही तीन तबकड्या आणून ठेवल्या आहेत. पहिल्या रांगेतल्यांना नीट दिसत असतील, मागच्यांसाठी सांगतो. पहिली दहा इंची, काळी, जड, हातातून निसटली तर बशीसारखी फुटेल अशी. दुसरी बारा इंची, तीही काळीच, पण जराशी लवणारी, ही एलपी. तिसरी तळहाताएवढी, चंदेरी, तिरकी धरली की इंद्रधनुष्य दाखवणारी, ही सीडी. तिघींत वयानं धाकटी ही तिसरी. आणि आज घराघरातून सगळ्यात आधी रद्दीवाल्याकडे जाते तीही हीच. मधली मात्र एकदा मोडीत निघून परत आली आहे, आणि परत येताना चांगली महाग होऊन आली आहे.

आवाजाच्या विषयावर काहीही बोललो तरी शेवटी एक प्रश्न हमखास येतो: एलपीचा आवाज सीडीपेक्षा चांगला असतो, हे खरं का? तेव्हा आज उत्तर आधीच देऊन टाकतो. मोजमापाच्या बाबतीत सीडी सरस आहे. थोडीथोडकी नाही, बरीच. आता इथे काही मंडळी नाराज होणार, आम्हाला कल्पना आहे. (हशा) पण मग लोक एवढे पैसे खर्चून एलपी का घेतात, ते सगळे काय फसलेले आहेत का, असा पुढचा प्रश्न येतो. त्याचं उत्तर 'नाही' असंच आहे, पण तिथे पोचायला थोडा वळसा घ्यावा लागेल.

सुरुवात या जड तबकडीपासून करू. ही ७८ फेऱ्यांची. हिला आपण सर्रास 'प्लास्टिकची जुनी रेकॉर्ड' म्हणतो, पण हिच्यात प्लास्टिक नाही. ही लाखेची आहे. आपल्या बांगड्यांची लाख, महाभारतातल्या त्या घराची लाख, तीच. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा ती तयार करतो. छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यात गोळा झालेली लाख जगभर जायची आणि तिच्यात दगडाची भुकटी, काजळी वगैरे मिसळून या तबकड्या छापल्या जायच्या. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा ती मुद्रणं छापायला जर्मनीत हॅनोव्हरला पाठवली गेली. म्हणजे लाख इथून जहाजानं जायची, आवाज इथून जहाजानं जायचा, आणि दोन्ही एकत्र होऊन तबकडीच्या रूपात परत इथे विकायला यायचे. गाण्याच्या शेवटी कलाकार स्वतःचं नाव का सांगतात, त्याचंही कारण हेच. परदेशातल्या कामगाराला लेबल लावताना कोण गातंय ते कळायला हवं ना! पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि हा वळसा संपला.

या तबकडीवर एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात ख्याल बसवायचा. त्या काळच्या गवयांनी तो बसवला, आणि असा बसवला की शंभर वर्षांनी ऐकताना कुठे कात्री लागली आहे असं वाटत नाही. पण मैफलीत तासभर चालणारा राग तो नव्हेच.

दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली. पूर्वेकडचे समुद्रमार्ग धोक्यात आले, अमेरिकेत १९४२ मध्ये लाखेच्या वापरावर सरकारी निर्बंध आले. सैनिकांसाठी रेकॉर्डी पाठवायच्या तर त्या प्रवासात फुटणाऱ्याही नकोत, म्हणून व्हिनाइल नावाचं प्लास्टिक वापरलं जाऊ लागलं. युद्धानंतर, जून १९४८ मध्ये, कोलंबिया कंपनीनं न्यूयॉर्कला बारा इंची, मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांची, बारीक खोबणीची तबकडी दाखवली. तीच ही एलपी. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. आपल्या संगीतासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती ते बघा. उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारीची तबकडी, किशोरीताईंची भूप आणि बागेश्रीची तबकडी: एका बाजूला एक राग, पलटली की दुसरा. विलंबित पायरी पायरीनं उलगडायला जागा मिळाली. आपल्यापैकी अनेकांच्या कानात 'भूप' म्हणून जो आकार बसला आहे, त्याची लांबी एका प्लास्टिकच्या चकतीनं ठरवलेली आहे.

आता ही एलपी वाजते कशी? हिच्या एका बाजूवर एकच लांबलचक खोबण असते, बाहेरून आत गुंडाळत जाणारी. सरळ केली तर साधारण अर्धा किलोमीटर भरेल. खोबणीला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन तिरक्या भिंती असतात. एका भिंतीवर डाव्या बाजूचा आवाज, दुसरीवर उजव्या. भिंतींचे चढउतार म्हणजेच आवाजाची लाट. हिऱ्याची सुई त्या वळणांवरून फरफटत जाते, थरथरते, त्या थरथरीची वीज होते आणि ती मोठी करून स्पीकरला दिली जाते. मध्ये कसली भाषा नाही, आकडे नाहीत. भिंग घेऊन बघितलंत तर तबल्याचा ठेका कुठे वाजला ते डोळ्यांना दिसतं. एलपीच्या प्रेमात पडायला एवढं कारण पुरेसं आहे, हे आम्ही मोकळेपणानं कबूल करतो.

पण याच रचनेत तिच्या अडचणीही आहेत. खर्जातला मोठा आवाज म्हणजे खोबणीचं मोठं वळण. तो आहे तसा कोरला तर शेजारची खोबण फुटेल. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि तार वाढवतात, आणि वाजवताना अॅम्प्लिफायर नेमकं उलट करतो. किती दाबायचं, किती वाढवायचं याचं कोष्टक अमेरिकेत १९५४ मध्ये ठरलं आणि मग जगभर तेच चाललं. जुन्या अॅम्प्लिफायरच्या मागे 'फोनो' लिहिलेलं भोक वेगळं असायचं ते यासाठी. साध्या भोकात जोडलंत तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. कित्येक जण नवा प्लेयर घेऊन पहिल्याच दिवशी इथेच अडकतात.

दुसरी अडचण भूमितीची. तबकडी एकाच गतीनं फिरते, पण बाहेरचं वर्तुळ मोठं आणि आतलं लहान. त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर खोबण सरकते, आणि आत लेबलजवळ जेमतेम वीस. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स', 'श' फाटल्यासारखे ऐकू येतात. आणि आपल्या ख्यालाचा विचार करा: बाजूच्या शेवटी काय असतं? द्रुत, ताना. जिथे सगळ्यात जास्त घडतं, तिथेच जागा सगळ्यात कमी.

तिसरी गोष्ट तानपुऱ्याची, आणि तिच्यावर जरा थांबायला हवं. तबकडीच्या मधलं भोक नेमकं मध्यावर असेलच असं नाही. समजा ते अर्धा मिलिमीटर सरकलेलं आहे. मग दहा सेंटिमीटर त्रिज्येवरच्या खोबणीत वेग एका फेरीत अर्धा टक्का वाढतो आणि अर्धा टक्का कमी होतो. दोन शेजारच्या स्वरांतलं, म्हणजे शुद्ध ग आणि शुद्ध म यांच्यातलं अंतर साधारण सहा टक्के. म्हणजे षड्ज अर्धस्वराच्या बाराव्या भागाइतका वर जातो, तितकाच खाली येतो, आणि हे दर १.८ सेकंदाला एकदा घडतं. ड्रम-गिटारच्या गाण्यात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ज्या संगीताचा पायाच एक न हलणारा सूर आहे, तिथे तानपुरा डुलायला लागला तर करायचं काय? गवयाची तयारी कितीही असो, त्याच्या हातात काही नाही. आणि ऐकणाऱ्याला वाटतं गवयाचाच सूर हलतोय. सीडीत हा दोष नाही.

तर आता सीडीकडे येऊ. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून ती बनवली आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आणली. हिच्यातही एक सर्पिल वाट आहे, फक्त आतून बाहेर जाणारी, आणि लांबी पाच किलोमीटरच्या पुढे. त्या वाटेवर अर्ध्या मायक्रॉन रुंदीचे खळगे. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा. सुईऐवजी लेसरचा किरण. घासणं नाही, म्हणून झीज नाही. आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची, प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवायचं आणि ते आकडे लिहायचे. ४४,१०० हा विचित्र आकडा कुठून आला? सुरुवातीला एवढे आकडे साठवायला व्हिडिओ टेप हेच साधन होतं. दूरचित्राच्या एका रेषेत तीन मोजमापं, अशा २४५ रेषा, सेकंदाला ६० वेळा. गुणाकार घरी करून बघा.

इथे एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो खोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लोक म्हणतात, एलपीची लाट अखंड असते, सीडीत तिच्या पायऱ्या होतात, मधलं गाणं गळून जातं. चित्रंही तशीच काढलेली असतात, जिन्यासारखी. पण शाळेतली भूमिती आठवा. एका रेषेत नसलेले तीन बिंदू दिले की त्यांतून जाणारं वर्तुळ एकच. कागदावर तीनच ठिपके आहेत म्हणून वर्तुळात भोकं आहेत असं आपण म्हणत नाही. चौथा ठिपका दिल्यानं ते जास्त गोलही होत नाही. आवाजाचंही तसंच. माणसाला फार तर वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं, तेही लहानपणी; साठीच्या पुढे बारा हजार ऐकू आलं तर नशीब समजा. सगळ्यात वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं, की त्या बिंदूंतून जाणारी लाट एकच असते, आणि प्लेयरमधून तीच गुळगुळीत लाट बाहेर येते. हे नायक्विस्ट, शॅनन यांच्या काळापासून, म्हणजे सीडीच्या तीस-एक वर्षं आधीपासून, गणितानं सिद्ध आहे. पायऱ्यांच्या बारीकपणामुळे जी चूक राहते ती अगदी हलक्या खरखरीच्या रूपात राहते, आणि तो खरखराट एलपीच्या स्वतःच्या खरखरीच्या कितीतरी खाली असतो. सीडीत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. चांगल्या एलपीवर साठ-सत्तर. सीडीच्या हिशेबात बोलायचं तर एलपी ही सोळा बिटांतले अकरा-बारा वापरते.

मग सत्तर डेसिबलवाली ९६ वालीपेक्षा गोड कशी लागते? कारण अनेकांना ती लागते, आणि ते खोटं बोलत नाहीत.

पहिलं कारण असं की आपण माध्यमांची तुलना करतोय असं समजतो, पण प्रत्यक्षात दोन वेगळ्या प्रतींची तुलना करत असतो. नव्वदच्या दशकापासून रेकॉर्ड कंपन्यांना एक खोड लागली. आपलं गाणं रेडिओवर, दुकानात दुसऱ्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे. सीडीला वरची मर्यादा पक्की असते, तिच्यापलीकडे आवाज जातच नाही. मग करायचं काय? हळू भाग उचलून वर आणायचे आणि वरची टोकं कापायची. सगळं गाणं एका उंचीचं. कुंपणाची झुडपं माळी कातरीनं सपाट करतो ना, तसं. २००८ मध्ये मेटालिका या बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' अल्बम आला तेव्हा तर चाहत्यांच्या लक्षात आलं की तीच गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी ऐकू येतात! सीडीपेक्षा खेळण्यातला आवाज बरा. जे माध्यम ९६ डेसिबलचा पल्ला देतं, त्यातले जेमतेम दहा-बारा वापरायचे आणि मग लोकांनी म्हणायचं सीडी कोरडी वाटते. एलपीसाठी प्रत करताना अनेकदा वेगळा तंत्रज्ञ बसतो, खोबणीच्या मर्यादा सांभाळत जरा हात राखून काम करतो, आणि तो संयम आपल्या कानाला 'एलपीची ऊब' म्हणून पोचतो. पण तीच सपाट केलेली प्रत एलपीवर कोरली तर एलपीही तितकीच सपाट वाजते. नव्या एलपींत हा प्रकार बराच आहे. वेष्टनावर ते लिहिलेलं नसतं.

दुसरं कारण खुद्द एलपीच्या दोषांत आहे. डावा-उजवा आवाज एकमेकांत थोडा मिसळतो, सुईच्या वळवळीतून मूळ आवाजात नसलेली थोडी स्वरांशांची भर पडते, खर्ज जरा फुगतो. ही भर कानाला सुखाची असते. दुधात साय असावी तशी. आवडण्यात काहीच चूक नाही. फक्त ती गाणाऱ्यानं घातलेली नाही, हे लक्षात असू द्यावं.

आणि कान किती भरवशाचा? याची एक परीक्षा नकळत होऊन गेली. मोबाइल फिडेलिटी नावाची अमेरिकन कंपनी जुन्या मूळ टेपांवरून अतिशय महागड्या एलपी काढते. काहींची किंमत शंभर डॉलरच्या पुढे. डिजिटलचा स्पर्शही नको अशा शौकिनांची ती लाडकी. जुलै २०२२ मध्ये अॅरिझोनातल्या एका रेकॉर्ड दुकानदारानं व्हिडिओ करून सांगितलं की या एलपींच्या साखळीत मध्ये एक डिजिटल टप्पा आहे. मग कंपनीच्या तंत्रज्ञांनीच ते मान्य केलं. मूळ टेप आधी डिजिटल स्वरूपात उतरवली जात होती आणि त्यावरून तबकडी कोरली जात होती. दहा-एक वर्षं हे चाललं होतं. कोर्टकज्जे झाले, तडजोड झाली. ते डिजिटल सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मुद्दा असा की जगातले सगळ्यात तिखट कान म्हणवणारे लोक त्याच एलपी 'शुद्ध अॅनालॉग' म्हणून वाखाणत होते, आणि एवढ्या वर्षांत ऐकून कुणी ते पकडलं नाही. कळलं ते कुणीतरी सांगितल्यावर. तसं पाहिलं तर जपानच्या डेनॉननं १९७२ मध्येच डिजिटल मुद्रण करून त्याच्या एलपी काढल्या होत्या. सीडी जन्माला यायच्या दहा वर्षं आधी.

आता थोडे आकडे, थोडक्यात. २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४.१ कोटी एलपी विकल्या गेल्या आणि ३.३ कोटी सीडी. १९८७ नंतर प्रथमच एलपी संख्येनं पुढे गेली. 'एलपीनं सीडीला हरवलं' अशा बातम्या आल्या. पण २००० साली त्याच देशात सुमारे ९४ कोटी सीडी विकल्या गेल्या होत्या. म्हणजे एलपी वर चढली हे खरं, पण त्याहून मोठं खरं हे की सीडी कड्यावरून खाली पडली, आणि ती पडताना एलपीच्या बाजूनं गेली. दोघींचं मिळून जे काही आहे ते स्ट्रीमिंगपुढे किरकोळ. तिथल्या संगीत-उद्योगाच्या मिळकतीतला पाचातला चारांहून जास्त वाटा स्ट्रीमिंगचा आहे. आणखी एक गंमत: अमेरिकेत त्याच सुमाराच्या एका पाहणीत दिसलं की एलपी विकत घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांकडेच ती वाजवायचं यंत्र आहे.

यावर हसायचा मोह होतो, पण आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. फोनवर दहा कोटी गाणी आहेत, महिन्याला शे-दीडशे रुपयांत. त्यातलं आपलं एकही नाही. उद्या कंपनीचा करार संपला, गाणं गेलं. विशीतल्या मुलानं एखादा अल्बम तबकडी म्हणून घेतला तर तो काय घेतो? हातात धरायला काहीतरी, ज्याचं मोठं चित्र भिंतीला टेकवून ठेवता येतं, जे कलाकाराला थेट चार पैसे देतं, जे कुणी परत काढून घेऊ शकत नाही. आणि वाजवलीच तर वीस मिनिटं बसून ऐकावं लागतं, कारण उठून सुई उचलण्यापेक्षा ऐकणं सोपं असतं. ऐकण्याची ही सक्ती हा आमच्या मते एलपीचा खरा गुण आहे. मात्र तो बैठकीचा गुण आहे. सीडी लावून फोन बाजूच्या खोलीत ठेवला तरी तो मिळतो, पण कुणी ठेवत नाही!

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे, हेही बोललं पाहिजे. आपल्याकडे एलपी ही कधीच घरोघरची वस्तू नव्हती. ज्यांच्याकडे एचएमव्हीचा 'फिएस्टा' होता त्यांच्या ओट्यावर गल्ली जमायची. बाकीच्यांचं गाणं म्हणजे आकाशवाणी आणि गणपतीचा कर्णा. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि खऱ्या अर्थानं मध्यमवर्गाच्या घरात स्वतःचं संगीत आलं. सीडी त्यानंतर आली आणि तिला धड पंधरा-वीस वर्षंही मिळाली नाहीत. मुंबईचं 'ऱ्हिदम हाऊस' २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा एक काळ संपल्याचं अनेकांना जाणवलं. त्यामुळे आज इथे एलपीबद्दल जो उमाळा दिसतो, त्यात आठवणीपेक्षा हौस जास्त आहे. हौसेला आमची ना नाही. काळजी आहे ती त्या चंदेरी तबकडीची.

आमच्या ओळखीचं एक संगीतप्रेमी मंडळ आहे, गावाचं नाव सांगत नाही. चाळीस वर्षं त्यांनी मैफली केल्या, जवळजवळ प्रत्येक मैफल कॅसेटवर घेतली. दोन हजार सालानंतर उत्साहानं सगळ्या कॅसेट संगणकावरून कोऱ्या सीडींवर उतरवल्या, त्यांवर मार्करनं सुरेख अक्षरात नाव, राग, तारीख लिहिली, आणि कपाट मोकळं करायला कॅसेट टाकून दिल्या. गेल्या वर्षी आम्ही त्या सीडी वाजवायला बसलो. एकशे ऐंशीतल्या सत्तर-एक वाचल्याच नाहीत. यंत्र नुसतं घूं घूं करून थांबायचं. एका तबकडीवर एका बाईंचा मुलतानी होता. त्या नंतर फारशा गायल्या नाहीत, कंपनीनं त्यांची रेकॉर्ड कधी काढली नाही. एकवीस मिनिटं मिळाली, पुढे शांतता. एलपी असती तर खरखरत का होईना, वाजली असती. हाही फरक आहे दोघींतला. एलपी म्हातारी होत जाते, सीडी एके दिवशी बोलेनाशी होते.

सीडी लहानसहान ओरखडे स्वतःच सांभाळून घेते. आकडे लिहिताना त्यांत जादा आकडे असे गुंफलेले असतात की दोन-अडीच मिलिमीटरचा तुकडा वाचता आला नाही तरी हरवलेलं गणित करून परत मिळवता येतं. म्हणून ती आतून बिघडत असली तरी बराच काळ कळत नाही. आणि बिघाड त्या सांभाळण्यापलीकडे गेला की सगळं एकदम थांबतं. दुकानात छापून मिळालेली सीडी साधारणपणे टिकाऊ असते, कारण तिच्यातले खळगे प्लास्टिकमध्येच छापलेले असतात. घरी 'बर्न' केलेल्या सीडीत खळगे नसतात. रंगाचा एक थर असतो, तो लेसरनं भाजून खुणा केलेल्या असतात. तो रंग उन्हानं, उष्म्यानं, दमटपणानं उतरतो. आपल्याकडे तिन्ही मुबलक.

प्रश्नोत्तरांतून

एका श्रोत्यांनी विचारलं आहे: वडिलांच्या दोन-तीनशे सीडी घरात आहेत, प्लेयर नाही, मुलं म्हणतात सगळं ऑनलाइन मिळतं. टाकाव्यात का?

टाकू नका. निदान याद्या केल्याशिवाय टाकू नका. लहान कंपन्यांनी काढलेलं नाट्यसंगीत, भजनं, कीर्तनं, अभिवाचनं, यातलं बरंच ऑनलाइन नाही, आणि जे आहे त्याची प्रत कुठून केली ते कुणाला माहीत नसतं. आधी घरी बर्न केलेल्या सीडी वेगळ्या काढा. बहुतेकींची खालची बाजू किंचित हिरवट किंवा निळसर दिसते. त्या या महिन्यात संगणकावर उतरवा. बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह हजार-दीड हजारात मिळतो. एमपीथ्री करू नका, फ्लॅक करा; त्यात काही गळत नाही. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. छापील सीडींना घाई नाही. आणि एक चूक सगळे करतात: सीडी टेबलावर ठेवताना चमकणारी बाजू वर ठेवतात, तिला जपायचं म्हणून. चमकणाऱ्या बाजूला सव्वा मिलिमीटर प्लास्टिकचं चिलखत आहे. नाजूक बाजू नाव छापलेली आहे. अॅल्युमिनियमचा थर त्या रंगाच्या लगेच खाली असतो. तिथे ओरखडा गेला तर आकडेच गेले. खरं तर टेबलावर ठेवूच नका, डबीत ठेवा.

दुसरा प्रश्न: जुन्या रेकॉर्डींना पावसाळ्यात बुरशी येते, स्पिरिटनं पुसल्या तर चालतील का?

एलपी आधी मऊ कुंच्यानं कोरडी झाडा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा थेंब टाकून, खोबणीच्या दिशेनं पुसा, लेबल भिजू देऊ नका. सावलीत वाळवा. उभ्या ठेवा, एकीवर एक आडव्या रचू नका, आणि बंद गाडीत तर कधीच नको, तासाभरात वाकते. बुरशी धरलेलं आतलं कागदी पाकीट मोह न धरता फेकून द्या. आणि सुटकेसच्या आकाराचे स्वस्त प्लेयर मिळतात, त्यांत अनेकांची सुई पाच-सहा ग्रॅमनं दाबते. चांगल्या प्लेयरची दीड-दोन ग्रॅमनं. आजोबांची एलपी पहिल्या प्रकारच्या यंत्रावर लावू नका.

पण ७८ ची तबकडी मात्र स्पिरिटच्या जवळपासही नेऊ नका. ती लाखेची आहे, हे सुरुवातीला म्हणालो. लाकडाला पॉलिश करायला सुतार चपडा लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्येच. पुसायला गेलात तर बुरशीबरोबर गाणंही फडक्यावर येईल.